लघुग्रहाचे बारसे: ठिपका सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत

एखाद्या शास्त्रज्ञाचे, गायकाचे किंवा खेळाडूचे नाव लघुग्रहाला दिल्याची बातमी आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हे नाव दिले कोणी? आणि आपल्याला आदर वाटतो अशा माणसाचे नाव सुचवायचे असेल तर काय करायचे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यातच आहे. म्हणून आधी सगळी वाट नीट पाहू आणि मग प्रस्तावाकडे वळू.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. लघुग्रहाला नाव सर्वांत शेवटी मिळते. आधी छायाचित्रात हलणारा ठिपका दिसतो, मग त्याला तात्पुरते नामांकन मिळते, मग कक्षा पक्की झाल्यावर कायमचा क्रमांक मिळतो. नावाचा विचार त्यानंतर. आजवर सात लाखांहून जास्त लघुग्रहांना क्रमांक मिळाले आहेत, पण नाव मिळालेले जेमतेम पंचवीस हजारांच्या आसपास. बाकीचे आकड्यांवरच ओळखले जातात आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच नाव मिळणार नाही.

तात्पुरते नामांकन वाचायला शिका

नवा ठिपका दोन रात्री दिसला आणि त्याची निरीक्षणे जगभरच्या लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या, अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे पोहोचली की त्याला एक सांकेतिक नामांकन मिळते. ही पद्धत १९२५ पासून चालू आहे. दिसायला किचकट असली तरी एकदा समजली की विसरत नाही.

‘२००० डब्ल्यूआर१०६’ हे उदाहरण घ्या. पहिला आकडा शोधाच्या वर्षाचा. त्यानंतरचे रोमन अक्षर वर्षातला पंधरवडा सांगते. जानेवारीचा पहिला पंधरवडा ‘ए’, दुसरा ‘बी’, असे करत डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ‘वाय’. यात ‘आय’ वापरत नाहीत, कारण ते १ या आकड्यासारखे दिसते. ‘डब्ल्यू’ म्हणजे १६ ते ३० नोव्हेंबर. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम सांगते. इथेही ‘आय’ वगळलेला असल्याने अक्षरे पंचवीस. पंचवीस संपले की पुन्हा ‘ए’ पासून सुरुवात होते आणि किती फेऱ्या झाल्या ते शेवटच्या आकड्यात लिहितात. ‘आर’ हे सतरावे अक्षर आणि १०६ फेऱ्या पूर्ण, म्हणजे १०६ गुणिले २५ अधिक १७. उत्तर येते २६६७. नोव्हेंबर २००० च्या दुसऱ्या पंधरवड्यात नोंदवलेली ही २६६७ वी वस्तू होती. आज आपण तिला ‘२०००० वरुण’ म्हणून ओळखतो. वेदांतल्या वरुणाचे नाव मिळालेली ही वस्तू नेपच्यूनच्या पलीकडे फिरते.

क्रमांकासाठी इतकी वाट का?

लघुग्रह पुन्हा कधी आणि कुठे दिसेल हे खात्रीने सांगता येईपर्यंत क्रमांक मिळत नाही. त्यासाठी साधारणपणे चार किंवा जास्त प्रतियुतींची निरीक्षणे लागतात. पृथ्वीवरून पाहताना लघुग्रह सूर्याच्या विरुद्ध दिशेला येतो तेव्हा प्रतियुती होते. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह साधारण सव्वा ते दीड वर्षाने या स्थितीत येतो. म्हणजे पहिल्या प्रतियुतीपासून चौथीपर्यंत चार-साडेचार वर्षे सहज जातात. जुन्या छायाचित्रांत तोच ठिपका नकळत टिपलेला सापडला तर हा काळ बराच कमी होतो. पृथ्वीजवळून जाणाऱ्या आणि रडारने मोजलेल्या वस्तूंनाही क्रमांक लवकर मिळू शकतो.

ही सावधगिरी अनुभवातून आली आहे. १९२८ मध्ये चिनी खगोलशास्त्रज्ञ झांग युझे यांनी अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेतून एक लघुग्रह शोधला. त्याला ‘११२५ चायना’ हे नाव मिळाले आणि पुढे तो हरवलाच. १९५७ मध्ये चीनमधल्या पर्पल माउंटन वेधशाळेला दुसराच एक लघुग्रह सापडला, तेव्हा ते नाव आणि तो क्रमांक त्याला देऊन टाकला. १९८६ मध्ये मूळचा लघुग्रह पुन्हा हाती लागला. आता काय करायचे? त्याला चीनचेच चिनी भाषेतले नाव दिले: ‘३७८९ झोंगग्वो’. ‘७१९ अल्बर्ट’ची गोष्टही अशीच. १९११ मध्ये तो दिसला, हरवला आणि २००० मध्ये परत सापडला. क्रमांक मिळालेल्या हरवलेल्या लघुग्रहांपैकी तो शेवटचा. तब्बल ८९ वर्षे त्याच्या नावामागे पत्ताच नव्हता.

नाव सुचवण्याचा हक्क कोणाचा?

क्रमांक मिळाला की शोधकर्त्याला दहा वर्षांपर्यंत नाव सुचवता येते. इथे शोधकर्ता म्हणजे ज्याच्या निरीक्षणांवर मायनर प्लॅनेट सेंटरने शोधाचे श्रेय दिले तो. बहुतेक वेळा ती एखादी सर्वेक्षण मोहीम असते, कारण आज बहुतेक लघुग्रह कॅटलिना, पॅन-स्टार्स अशा मोहिमांच्या स्वयंचलित दुर्बिणींना सापडतात. एकेका मोहिमेच्या खात्यावर हजारो क्रमांक आहेत, त्यामुळे सगळ्यांना नावे देणे त्यांनाही जमत नाही. सामान्य माणसाच्या प्रस्तावाला जागा मिळते ती इथेच.

सुचवलेले नाव आपोआप मान्य होत नाही. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा छोट्या खगोलीय वस्तूंच्या नामकरणासाठीचा कार्यगट ते तपासतो. या गटात वेगवेगळ्या देशांतले खगोलशास्त्रज्ञ असतात. त्यांनी मान्य केलेले नाव २०२१ पासून त्यांच्या स्वतंत्र बुलेटिनमध्ये प्रसिद्ध होते, त्याआधी ते मायनर प्लॅनेट सर्क्युलरमध्ये येत असे. छापून येईपर्यंत नाव अधिकृत धरत नाहीत. पैसे घेऊन ताऱ्याला किंवा लघुग्रहाला नाव देतो म्हणणाऱ्या कंपन्यांच्या प्रमाणपत्राला या व्यवस्थेत काहीही स्थान नाही. खगोलशास्त्रीय संघ नावे विकत नाही. असे प्रमाणपत्र घेण्याआधी एवढे नक्की लक्षात ठेवा.

नियम आणि त्यांच्यामागचे वाद

नियम वाचताना कोरडे वाटतात. पण एकेका नियमामागे खरी भांडणे झाली आहेत आणि ती माहीत असली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत ज्युझेप्पे पियाझ्झी यांना पहिला लघुग्रह सापडला. त्यांनी त्याला ‘सेरेस फर्डिनांडिया’ म्हटले. सेरेस ही सिसिलीशी नाते असलेली धान्याची रोमन देवता आणि फर्डिनांड हा तिथला राजा. इतर देशांतल्या खगोलशास्त्रज्ञांनी देवता ठेवली आणि राजाला वगळले. १८५० मध्ये जॉन रसेल हाइंड यांनी लंडनहून शोधलेल्या लघुग्रहाला ‘व्हिक्टोरिया’ नाव दिले तेव्हा पुन्हा वाद पेटला. जिवंत राणीचे नाव आकाशात का? हाइंड यांनी उत्तर दिले की व्हिक्टोरिया ही विजयाची रोमन देवता आहे. अमेरिकेतल्या काहींना ते पटले नाही आणि ते त्याला ‘क्लिओ’ म्हणत राहिले. शेवटी व्हिक्टोरिया हे नाव टिकले आणि क्लिओ पुढे चौऱ्याऐंशीव्या लघुग्रहाला मिळाले. आजचा नियम सरळ आहे: राजकारण किंवा युद्ध यांमुळे प्रसिद्ध असलेल्या व्यक्तीचे किंवा घटनेचे नाव द्यायचे असेल तर त्या मृत्यूला किंवा घटनेला शंभर वर्षे उलटलेली असली पाहिजेत. मला हा नियम सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. शंभर वर्षांत सत्ता जाते आणि उरते ते खरे काम. म्हणून राजकीय नेत्याचे नाव मनात असेल तर आधी हिशेब करा आणि वर्षे भरलेली नसतील तर तो प्रस्ताव बाजूला ठेवा.

दुसरा वाद पैशाचा. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे योहान पालिसा यांनी जाहिरात दिली की नव्या लघुग्रहाला नाव देण्याचा हक्क ते पन्नास पौंडांना देतील. ग्रहणाच्या मोहिमेसाठी त्यांना पैसे हवे होते. व्हिएन्नाचे बॅरन अल्बर्ट फॉन रोथशील्ड यांनी तो हक्क घेतला आणि पत्नीच्या नावावरून ‘२५० बेटिना’ हे नाव दिले. वर आलेला ‘७१९ अल्बर्ट’ याच बॅरनच्या नावाचा. व्हिएन्ना वेधशाळेला त्यांनी केलेल्या मदतीची ती आठवण. आता विक्री तर नाहीच, पण मुख्यतः व्यापारी स्वरूपाची नावेही चालत नाहीत. वस्तूंचे ब्रँड किंवा कंपन्यांची जाहिरात असे काही सुचवू नका.

तिसरा वाद मांजराचा. जेम्स गिब्सन यांनी १९७१ मध्ये शोधलेल्या लघुग्रहाला आपल्या मांजराचे नाव दिले: ‘२३०९ मिस्टर स्पॉक’. नाव कायम राहिले, पण त्यानंतर पाळीव प्राण्यांची नावे टाळावीत असे खगोलशास्त्रीय संघाने सांगितले.

बाकीचे नियम तांत्रिक आहेत. नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांपेक्षा मोठे नको आणि त्यात मोकळी जागा व विरामचिन्हेही मोजतात. शक्यतो एकच शब्द असावा, उच्चारता यावा, कोणाला अपमानास्पद वाटू नये आणि आधीच्या लघुग्रहाच्या किंवा उपग्रहाच्या नावाशी फार मिळतेजुळते नसावे. शोधकर्ता स्वतःचे नाव देत नाही. धूमकेतूंची परंपरा वेगळी आहे, तिथे शोधकर्त्याचेच नाव लागते.

सोळा अक्षरांचा हिशेब मराठी माणसाने जपून करावा. ‘ज्ञानेश्वर’ हे आपल्याकडे चार अक्षरांचे नाव, पण रोमन लिपीत नेहमीच्या पद्धतीने लिहिले की अकरा अक्षरांचे होते. त्यात आडनाव किंवा उपाधी जोडायला उरतात फक्त पाच. नाव आणि आडनाव सलग जोडून लिहिण्याची पद्धत रूढ झाली त्याचे हेही एक कारण आहे: मोकळ्या जागेचे एक अक्षर वाचते आणि नाव इतरांपेक्षा वेगळेही पडते. ‘कल्पनाचावला’ असे जोडून लिहिले की रोमनमध्ये तेरा अक्षरे होतात.

कक्षेवरून नावाची जात ठरते

मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहांना जवळजवळ कोणाचेही नाव चालते. वेगळ्या कक्षा असलेल्यांना मात्र ठरलेल्या गोतातूनच नाव निवडावे लागते. पृथ्वीजवळ येणाऱ्यांना पुराणकथांतली नावे देतात. गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढे-मागे साठ अंशांवर फिरणारे ट्रोजन लघुग्रह ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावे घेतात. पुढचे ग्रीकांच्या छावणीत, मागचे ट्रॉयवासीयांच्या. ही विभागणी पक्की होण्याआधीच दोन नावे पडून गेली होती. त्यामुळे ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांमध्ये आणि ग्रीकांचा पॅट्रोक्लस ट्रॉयवासीयांमध्ये अडकून राहिला. वीरांची नावे संपत आल्यामुळे २०१८ पासून लहान ट्रोजनांना ऑलिंपिक खेळाडूंची नावे देण्याची सोय झाली.

गुरू ते नेपच्यून यांच्यातल्या सेंटॉर वर्गाला ग्रीक कथांतल्या अश्वमानवांची नावे मिळतात, जसे ‘२०६० कायरन’. नेपच्यूनपलीकडे, प्लूटोसारख्या कक्षेत फिरणाऱ्यांना पाताळाशी जोडलेल्या पुराणपात्रांची, म्हणून ‘ऑर्कस’ आणि ‘इक्सायन’. त्याच भागातल्या इतर नेहमीच्या कक्षांना सृष्टीच्या निर्मितीशी जोडलेल्या देवतांची. त्यात कॅलिफोर्नियातल्या टोंगवा लोकांचा क्वावार, ईस्टर बेटावरचा माकेमाके आणि हवाईची हाउमेया आहेत. हा भाग मला फार आवडतो, कारण इथे ग्रीक-रोमन कथांच्या बाहेरच्या लोकांच्या स्मृतीला जागा मिळाली.

काही अपवाद आणि काही वेगळ्या गोष्टीही आहेत. जपानच्या हायाबुसा यानाने ज्या पृथ्वीजवळच्या लघुग्रहाची माती आणली त्याला जपानी अग्निबाणविद्येचे प्रणेते हिदेओ इतोकावा यांचे नाव आहे. ‘१०१९५५ बेन्नू’ हे नाव नऊ वर्षांच्या मुलाने एका खुल्या स्पर्धेत सुचवले होते. इजिप्तच्या कथांमधल्या त्या पक्ष्याचे नाव २०१३ मध्ये मान्य झाले. न्यू होरायझन्स यानाने २०१९ च्या पहिल्या दिवशी ज्या दूरच्या वस्तूजवळून प्रवास केला तिला आधी ‘अल्टिमा थुली’ असे टोपणनाव होते. ‘थुली’ या शब्दाचा नात्सी विचारसरणीशी असलेला संबंध लोकांनी दाखवून दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचे अधिकृत नाव ‘आरोकोथ’ ठरले. हा शब्द अमेरिकेतल्या पोव्हाटन लोकांच्या भाषेतला. नाव सुचवण्याआधी त्याचा इतिहास का तपासायचा, ते इथे कळते.

कोणाकोणाचा सन्मान झाला आहे

सुरुवातीला फक्त देवता होत्या, त्याही स्त्रीरूपात. पुरुषाचे नाव द्यायचे तर त्याला स्त्रीलिंगी रूप देत. ‘५४ अलेक्झांड्रा’ हे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्यासाठी. जिवंत व्यक्तीच्या सन्मानार्थ निर्विवादपणे दिलेले पहिले नाव ‘४५ युजेनिया’, फ्रान्सच्या सम्राज्ञीचे, १८५७ मधले. छायाचित्रातून सापडलेला पहिला लघुग्रह मॅक्स वोल्फ यांचा, १८९१ मधला. त्यांनी त्याला खगोलशास्त्राला मोठी देणगी देणाऱ्या कॅथरिन ब्रूस यांचे नाव दिले: ‘३२३ ब्रुसिया’.

भारताचा संबंध जुना आहे. मद्रास वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन यांनी १८६१ मध्ये ‘६७ एशिया’ शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला लघुग्रह, म्हणून ते नाव. तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतून १९८८ मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाला ‘४१३० रामानुजन’ म्हणतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यासाठी ‘१९५८ चंद्र’ आहे, खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्यासाठी ‘२५९६ वेणू बाप्पू’, विश्वनाथन आनंद यांच्यासाठी ‘४५३८ विशीआनंद’. कोलंबिया यानाच्या सातही अंतराळवीरांना २००३ मध्ये ५१८२३ ते ५१८२९ असे सलग क्रमांक मिळाले, त्यात ५१८२६ कल्पना चावला यांचा. पंडित जसराज यांच्या लघुग्रहाचा क्रमांक ३००१२८ आहे आणि त्यांचा जन्म २८ जानेवारी १९३० चा. तारीख उलट वाचून पाहा. असा क्रमांक कोणीतरी मुद्दाम शोधून निवडला असणार, हे उघड आहे.

सगळ्यांत हृद्य गोष्ट गुस्ताव स्ट्रॅके यांची. हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ लघुग्रहांच्या कक्षांची गणिते करत. आपल्या नावाचा लघुग्रह नको, असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्यांचे सहकारी कार्ल राइनमुट यांनी शब्द मोडला नाही. १२२७ ते १२३४ या आठ लघुग्रहांना त्यांनी वनस्पतींची नावे दिली: जिरेनियम, स्कॅबिओसा, टिलिया, रिसिया, ऑरिक्युला, कॉर्टुसा, कोब्रेसिया, एलिना. रोमन लिपीतली आद्याक्षरे ओळीने वाचली की ‘जी. स्ट्रॅके’ तयार होते. पुढे ‘१०१९ स्ट्रॅकेया’ हे उघड नावही पडलेच.

प्रत्यक्ष प्रस्ताव कसा मांडायचा

पहिले काम म्हणजे नाव आधीच दिले गेले आहे का ते पाहणे. मायनर प्लॅनेट सेंटरची यादी आणि नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेचा स्मॉल-बॉडी डेटाबेस दोन्ही इंटरनेटवर मोफत शोधता येतात. रोमन स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार टाकून पाहा. एकाच आडनावाचे अनेक मानकरी असू शकतात, म्हणून परिचयाचा मजकूरही वाचा.

मग क्रमांक मिळालेला पण नाव नसलेला लघुग्रह निवडा. कक्षेचा प्रकार मुख्य पट्ट्याचा आहे ना, ते डेटाबेसमध्ये पाहा. ट्रोजन किंवा नेपच्यूनपलीकडचा निवडलात तर व्यक्तीचे नाव नाकारले जाण्याचीच शक्यता जास्त. शोधाची तारीख, ठिकाण आणि शोधकर्ताही तिथेच कळतो. एखाद्याच्या जन्मतारखेशी किंवा कामाशी जुळणारा क्रमांक सापडला तर चांगलेच, पण त्यासाठी अडून बसू नका.

तिसरे काम शोधकर्त्याला किंवा मोहिमेच्या प्रमुखाला लिहिणे. पत्र छोटे ठेवा: कोण, काय काम, कोणता लघुग्रह, आणि तयार परिचय. ते रोज आकाशाचा पसारा हाताळतात. त्यांचे काम तुम्ही जितके कमी कराल तितके बरे. क्रमांक मिळून दहा वर्षे उलटूनही नाव दिले गेले नसेल तर कार्यगट इतरांच्या प्रस्तावाचाही विचार करू शकतो, तरी शोधकर्त्याच्या संमतीने जाणे केव्हाही सोयीचे.

परिचयाचा मजकूर इंग्रजीत आणि मोजक्या ओळींत लागतो. बहुतेकांचे चुकते ते इथे. थोर, महान, तेजस्वी, युगप्रवर्तक ही विशेषणे काढून टाका. जन्ममृत्यूची वर्षे, क्षेत्र आणि एक-दोन ठोस कामे लिहा. रामानुजनांविषयी मी लिहिले असते तर असे: ‘श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०), भारतीय गणिती. अंकसिद्धांत, अनंत श्रेणी आणि वितत अपूर्णांक यांवर मूलभूत काम. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य.’ एवढे पुरते. प्रत्येक वाक्य पडताळता येईल असे हवे. जिवंत व्यक्तीचे नाव सुचवत असाल तर तिची संमती घ्या. स्ट्रॅकेंसारखी माणसे आजही असतात.

पाठवल्यावर थांबावे लागते. शोधकर्त्यांनी दोन महिन्यांत दोनांपेक्षा जास्त नावे सुचवू नयेत अशी अपेक्षा असते. मोठ्या मोहिमांकडे रांग लागलेली असते. बुलेटिनमध्ये छापून येईपर्यंत सत्कार, फलक, बातम्या काहीही करू नका.

स्वतःच शोधायचा असेल तर

हा मार्ग लांबचा, पण खुला आहे. इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन ही संस्था विद्यार्थ्यांना आणि हौशी गटांना हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रे मोफत पुरवते. एकाच भागाची, थोड्या-थोड्या वेळाने घेतलेली चार छायाचित्रे अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये एकामागून एक चालवायची आणि तारे स्थिर असताना सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकणारा ठिपका शोधायचा. चार छायाचित्रांपैकी एकातच उजळणारे ठिपके बहुधा वैश्विक किरणांचे असतात, ते सोडून द्यायचे. ठिपक्याची तेजस्विता चारही ठिकाणी साधारण सारखी आहे का, ते तपासायचे आणि मगच अहवाल पाठवायचा.

अहवालातली वस्तू खरोखर नवी आहे हे नंतरच्या निरीक्षणांतून सिद्ध व्हावे लागते. बऱ्याच नोंदी आधीच माहीत असलेल्या लघुग्रहांच्या निघतात. तुमची टिकलीच, तर तिला तात्पुरते नामांकन मिळते आणि क्रमांकासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते. शाळेत असताना नोंदवलेल्या ठिपक्याला नाव सुचवायची वेळ येईपर्यंत ते विद्यार्थी कॉलेज संपवून नोकरीला लागलेले असतात. म्हणून गटातल्या प्रत्येकाचा कायम टिकणारा ईमेल पत्ता आणि नोंदवलेल्या वस्तूंची यादी पहिल्याच दिवशी एका ठिकाणी लिहून ठेवा आणि वर्षातून एकदा मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत ती नामांकने तपासा. क्रमांक मिळाला की दहा वर्षांची मुदत सुरू होते.